घरात आलेले पिल्लू

कुत्र्याचे शेपूट नळकांड्यात घातले तरी वाकडे ते वाकडेच, असे आपल्याकडे म्हणतात. ज्याने कोणी ही म्हण रूढ केली त्याने कधी पिल्लू वाढविले असेल असे मला वाटत नाही. माणसाच्या सहवासात राहणाऱ्या प्राण्यांत कुत्र्याइतका शिकण्यास उत्सुक प्राणी क्वचितच सापडेल. आणि त्याला शिकविताना माणूस ज्या चुका करतो त्यांचे खापर मात्र तो बिचाऱ्या शेपटावर फोडून मोकळा होतो. आज या शिकवणीतील अगदी पहिल्या पाठाविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत. विषय थोडा संकोचाचा आहे. पिल्लाने मलमूत्र कोठे करावे आणि कोठे करू नये, हा तो विषय. परंतु ज्यांच्या घरी पिल्लू आले आहे त्यांच्यापुढे पहिल्याच पहाटे हा प्रश्न ओल्या पावलांनी येऊन उभा राहतो. आणि त्याचे उत्तर न सापडल्यामुळे मोठ्या हौसेने आणलेले पिल्लू कधी परत पाठविले जाते, तर कधी रस्त्यावर सोडले जाते. तेव्हा संकोच बाजूस ठेवणेच बरे.

आमच्या घरी पिल्लू आले ते आषाढात, मुलीच्या हट्टापायी. आपण ज्याला सरसकट पॉमेरेनियन म्हणतो, पण जाणकार ज्याला इंडियन स्पिट्झ म्हणतात, त्या जातीचे ते पिल्लू. वय दोन महिने, वजन सव्वा किलो, रंग पांढरा. मऊपणामुळे मुलीने तिचे नाव शेवरी ठेवले. आमचे बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, बाहेर संततधार पाऊस, आणि घरात माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई. दोन वर्षांपूर्वी तिच्या खुब्याचे हाड मोडले होते. पहिल्याच दिवशी फरशीवर नऊ ठिकाणी पाणी झाले. आई त्रागा करणाऱ्यांपैकी नाही. तिने शांतपणे सांगितले, "अरे, माझा पाय पुन्हा घसरला तर मी उठणार नाही. गणपती बसायच्या आत हे थांबले तर ठीक, नाही तर हिला परत देऊन ये." तिचे म्हणणे बिनतोड होते. सात आठवड्यांची मुदत होती.

दुसऱ्या दिवशी मी जे केले ते सांगण्यास मला आजही लाज वाटते. शेवरीने बैठकीच्या मधोमध पाणी केले, आणि मी वर्तमानपत्राची सुरळी करून तिला एक फटका मारला. फटका हलकाच होता. पण सव्वा किलोच्या जिवाला तो हलका वाटला नसावा. त्यानंतर तिने बैठकीत पाणी करणे खरोखरच थांबविले. ती लोखंडी कपाटामागे जाऊन करू लागली. आणि त्याहून विपरीत असे, की सज्जात तिच्यासाठी पसरलेल्या वर्तमानपत्रावर ती मी जवळ असताना पायच ठेवीना. ज्या वस्तूने मारले त्याच वस्तूवर येऊन निःशंकपणे बस, असे मी तिला सांगत होतो, हे माझ्या ध्यानात यायला दोन दिवस गेले.

महाभारताच्या आदिपर्वात, आरंभीच्या भागातच, एका पिल्लाची कथा येते. जनमेजय आपल्या भावांसह कुरुक्षेत्रात सत्र करीत असता सरमा नावाच्या देवशुनीचा पुत्र तेथे आला. जनमेजयाच्या भावांनी त्याला मारले. तो रडत आईकडे गेला आणि म्हणाला, मी हविर्द्रव्याकडे पाहिले नाही, त्याला जीभ लावली नाही, काहीच अपराध केला नाही. सरमेने सत्रात येऊन जाब विचारला. राजबंधूंपाशी उत्तर नव्हते. अपराधावाचून मारलेत, म्हणून न दिसणारे भय तुमच्यावर येईल, असा शाप देऊन ती निघून गेली. घरात पाणी करणाऱ्या दोन महिन्यांच्या पिल्लाने अपराध केलेला असतो काय, हाच आपल्या विषयातील मूळ प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर पिल्लाच्या जन्मापासूनच्या वाढीत दडलेले आहे.

पिल्लू जन्मते तेव्हा आंधळे व बहिरे असते. त्याचे डोळे सुमारे दोन आठवड्यांनी उघडतात. या काळात त्याला स्वतःहून मलमूत्रविसर्जनही करता येत नाही. आई जिभेने चाटते तेव्हाच ते होते, आणि तीच ते स्वच्छ करून टाकते. त्यामुळे कुत्रीची वीण आश्चर्य वाटावे इतकी कोरडी असते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पिल्लू पायांवर उभे राहू लागते, आणि मग कोणी न शिकविता ते निजण्याच्या जागेपासून दूर जाऊन विधी उरकते. आठ-नऊ आठवड्यांचे होईतो त्याला विशिष्ट जागेची व विशिष्ट पृष्ठभागाची, म्हणजे माती, गवत, कापड किंवा फरशी यांपैकी एखाद्याची, गोडी लागते. अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथे स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी पिल्लांच्या वाढीचा दीर्घ अभ्यास करून १९६५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हापासून एक गोष्ट सर्वमान्य झाली आहे : पिल्लाच्या आयुष्यातील तिसऱ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ त्याच्या पुढील स्वभावाचा पाया घालणारा असतो.

याचा अर्थ असा, की स्वच्छता आपण पिल्लाला शिकवीत नाही. ती त्याच्यापाशी उपजतच असते. आपले अंथरूण घाण करू नये, एवढे त्याला ठाऊक असते. त्याला ठाऊक नसते ते हे, की अंथरुणापासून दहा हात दूर असलेली बैठकीची खोलीदेखील 'घर'च आहे. त्याच्या दृष्टीने ते शहाण्यासारखे घराबाहेर गेलेले असते! घराची सीमा कोठे संपते, एवढेच आपण त्याला समजावून द्यावयाचे असते.

येथेच एक सावधगिरीची सूचना. जे पिल्लू अरुंद पिंजऱ्यात, आपल्याच घाणीत, आठवडेच्या आठवडे काढते त्याची ही उपजत वृत्ती मारली जाते, आणि मग त्याला शिकविणे फार जड जाते. भारतात श्वानांच्या प्रजननाविषयी व विक्रीविषयी २०१७ साली झालेल्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकण्यास मनाई आहे. पिल्लू आणताना ते आईजवळ कोठे व कसे वाढले हे डोळ्यांनी पाहून घ्यावे. ती जागा कोरडी असेल तर आपले अर्धे काम त्याच्या आईने केले आहे असे समजावे.

आता लहान जातींची गोष्ट निराळी का, ते पाहू. स्पिट्झ, पग, डॅक्सहुंड, ल्हासा अप्सो, शिह त्झू अशा जाती आज मुंबईपासून दिल्ली-बंगळुरूपर्यंत लहान बिऱ्हाडांतून दिसतात. या कुत्र्यांना शिस्त लागत नाही असा समज आहे. तो खोटा आहे. पण त्याला कारणे आहेत. एक तर देह लहान, म्हणून मूत्राशयही लहान. ठोकळ हिशेब असा सांगतात, की पिल्लाच्या वयाचे जितके महिने, त्यात एक मिळवावा, तितके तास ते फार तर रोखू शकते. दोन महिन्यांचे पिल्लू म्हणजे तीन तास. पण हा हिशेब ते निवांत पडून असतानाचा. जागे असून खेळत असले तर तासाभराच्या आतच वेळ येते, आणि लहान जातींत तर त्याहूनही लवकर. दुसरे असे, की त्यांची चूकही लहान असते. मोठ्या कुत्र्याने केलेले तळे ताबडतोब दिसते. लहानग्याचे चमचाभर पाणी पलंगाखाली वाळून जाते, आणि कोणाला कळतही नाही. न दिसलेली प्रत्येक चूक हा त्याच्या दृष्टीने एक पक्का झालेला पाठ असतो. तिसरे कारण आपल्या लाडात आहे. या पिल्लांना आपण सतत कडेवर घेऊन फिरतो. कडेवरून ठरल्या जागी नेऊन ठेवलेल्या पिल्लाला तेथे चालत जाण्याची वाट कशी कळणार? सुरुवातीचे काही दिवस घाईच्या वेळी उचलावे, पण शक्य तितक्या लवकर त्याला स्वतःच्या पायांनी तेथवर चालवीत न्यावे.

पहिली तयारी जागेची. पिल्लाचे लसीकरण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण सोळा आठवड्यांचे होईपर्यंत, इतर कुत्र्यांची ये-जा असलेल्या सार्वजनिक जागेत त्याला खाली सोडू नये. पार्व्हो नावाचा जो विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला तो आजही पिल्लांचा काळ आहे, आणि तो मातीत महिनोन्महिने जिवंत राहतो. पावसाळ्यात त्याच्या जोडीस लेप्टोस्पायरोसिस येतो. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून तो कुत्र्याला होतो आणि माणसालाही. म्हणून ज्यांच्या घराला कुंपणाचे अंगण आहे आणि जेथे बाहेरची कुत्री येत नाहीत त्यांनी अंगणातील एक कोपरा ठरवावा. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी सज्जात किंवा न्हाणीघराच्या दाराशी एक पसरट ट्रे ठेवावा.

या ट्रेमध्ये काय घालावे हा प्रश्न क्षुल्लक नाही. पुष्कळ लोक पिल्लाला सरळ मोरीच्या फरशीवर नेतात. धुण्याच्या दृष्टीने ते सोयीचे खरे. पण मोरीची फरशी आणि बैठकीची फरशी पिल्लाच्या पायांना सारखीच लागते. त्यातून ते 'फरशीवर करावे' एवढाच धडा घेते, आणि आपण त्याला उलट बुद्धीचे ठरवितो. ठरलेल्या जागेचा स्पर्श घरातील इतर सर्व जागांहून निराळा हवा. पुढे मातीवर न्यावयाचे असेल तर ट्रेमध्ये कागदावर मातीचा किंवा गवताचा थर द्यावा. केवळ वर्तमानपत्र वापरावयाचे तर घरात वाचून टाकलेले वर्तमानपत्र जमिनीवर लोळू देऊ नये. पिल्लाला कालचा अंक आणि आजचा अंक यांतील भेद कळत नाही.

दुसरी तयारी वेळेची, आणि हेच या शिक्षणाचे मर्म आहे. पिल्लाला केव्हा न्यावे हे ओळखण्यास मोठी विद्या लागत नाही. झोपेतून उठले की, खाल्ले की, खेळून दमले की, आणि रात्री निजण्यापूर्वी, या चार वेळा कधीही चुकवू नयेत. पोटात अन्न गेले म्हणजे आतड्यांना चालना मिळते, त्यामुळे खाल्ल्यानंतर पाच ते तीस मिनिटांत शौचाची वेळ येते. यांशिवाय जागेपणी दर पाऊण तासाने एक फेरी करावी. रात्री दोन महिन्यांच्या पिल्लासाठी एकदा-दोनदा उठावेच लागते. घरात तान्हे मूल असले म्हणजे जसे उठावे लागते तसेच, आणि तितक्याच थोड्या दिवसांसाठी. खाणे ठरल्या वेळी द्यावे म्हणजे शौचही ठरल्या वेळी होते. दिवसभर वाटी भरून ठेवली तर कसलाच ताळमेळ राहत नाही. मात्र घाण होऊ नये म्हणून उपाशी ठेवण्याचा विचार मनात आणू नये. अगदी लहान जातींच्या पिल्लांच्या रक्तातील साखर उपासाने झपाट्याने उतरते. ते लटपटू लागते, प्रसंगी बेशुद्ध होते आणि दगावते. त्याला दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे खाणे हवे. पाणीही तोडू नये.

तिसरी गोष्ट खुणेची. आपल्याकडे आया तान्ह्या मुलाला पायांवर धरून 'शूऽऽ' असा आवाज काढतात. पिल्लालाही तीच भाषा चालते. ते विधीस बसले की हलक्या आवाजात 'शू कर' म्हणावे. काही दिवसांत त्या आवाजाचा आणि त्या क्रियेचा संबंध त्याच्या मनात जुळतो, आणि मग तो शब्द ऐकल्यावर त्याला आठवण होते. घंटेच्या किंवा तत्सम खुणेच्या आवाजाने कुत्र्याच्या तोंडास पाणी सुटते, हे दाखविणाऱ्या रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हचे नाव आपण ऐकलेच असेल. आपल्या आया तोच नियम कोणत्याही प्रयोगशाळेवाचून पिढ्यान्‌पिढ्या चालवीत आल्या आहेत.

चौथी गोष्ट बक्षिसाची. ज्या कृतीचा परिणाम सुखाचा होतो ती कृती प्राणी पुन्हा करतो, हा नियम थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मांजरांवरील प्रयोगांतून १८९८ साली मांडण्यास आरंभ केला. नियम सोपा आहे. चूक होते ती वेळेत. पिल्लाने सज्जात विधी उरकला आणि आपण त्याला स्वयंपाकघरात आणून खाऊचा तुकडा दिला, तर त्याच्या लेखी तो तुकडा स्वयंपाकघरात पळत येण्याबद्दल मिळालेला असतो. बक्षीस त्याच जागी, विधी आटोपताच, दोन श्वासांच्या आत द्यावे. तुकडा चण्याच्या डाळीएवढा पुरे. सोबत गोड शब्द असावेत. आणि बाहेर नेले असता विधी होताक्षणीच त्याला घरात ओढून आणू नये. तसे केल्यास 'मी शू केली की फिरणे संपते' असा हिशेब ते करते आणि मुद्दाम वेळ काढू लागते. आधी काम, मग थोडे हुंदडणे, असा क्रम ठेवावा.

पाचवी गोष्ट देखरेखीची. डोळ्यांसमोर नसलेले पिल्लू चूक करणारच. पहिले काही आठवडे त्याला सारे घर मोकळे देऊ नये. आपण जेथे बसलो असू तेथेच, हवी तर हलकी दोरी आपल्या कमरेला बांधून, ते जवळ ठेवावे. जमीन हुंगत गोल फिरणे, खेळ अर्ध्यावर टाकून दाराकडे किंवा कोपऱ्याकडे जाणे, एकाएकी गप्प होणे, ही वेळ आल्याची चिन्हे होत. लक्ष देता येणार नसेल तेव्हा त्याला एका लहानशा कुंपणात ठेवावे; एका टोकास अंथरूण, दुसऱ्या टोकास ट्रे. पिंजरा म्हटले की आपल्या मनाला कसेसेच होते, आणि तासन्‌तास कोंडून ठेवणे हे क्रौर्यच आहे. परंतु मऊ अंथरूण, चघळायला खेळणे आणि मधून मधून सुटका असली, तर पिल्लू अशा जागेला आपली गुहा मानून तेथे सुखाने झोपते.

इतके करूनही चुका होतात. तेव्हा काय करावे? आपल्यादेखत होत असेल तर हलकीशी टाळी वाजवून थांबवावे, आणि ठरल्या जागी नेऊन उरलेले तेथे झाले तर शाबासकी द्यावी. मागाहून दिसली तर मुकाट्याने पुसून घ्यावी. पिल्लाचे नाक त्या घाणीत घासण्याची एक दुष्ट रीत पुष्कळ घरांत आढळते. तिने पिल्लू एवढेच शिकते, की मनुष्य आणि मूत्र ही दोन्ही एकाच जागी असली म्हणजे संकट येते. मग ते माणसापासून चोरून, कपाटामागे जाते. शेवरीने केले ते हेच.

यावर कोणी म्हणेल, "पण त्याला आपला अपराध कळतो! पाहा कसे तोंड पाडून बसले आहे!" या अपराधी चेहऱ्याची परीक्षा अमेरिकेतील संशोधिका अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी केली, आणि २००९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कुत्र्याने मना केलेला खाऊ खाल्ला की नाही, याविषयी मालकाला कधी खरे तर कधी खोटे सांगण्यात आले. असे दिसले, की तो चेहरा कुत्र्याने खरोखर काही केले होते की नाही यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो दिसत असे. निर्दोष कुत्रेही रागावून घेताना तितकेच अपराधी दिसत. म्हणजे आपण ज्याला पश्चात्ताप समजतो ते वस्तुतः आपल्या रागाचे प्रतिबिंब असते. सरमेचा पुत्रही त्या यज्ञमंडपात असाच अपराधी दिसला असेल.

आणखी एक प्रकार ध्यानात ठेवावा. आपण घरी येताच पिल्लू आनंदाने धावत येते आणि तेथेच थेंब-थेंब सोडते, किंवा कोणी अंगावर वाकले की अंग चोरून पाणी करते. ही चूक नव्हे. हर्षाच्या किंवा भीतीच्या भरात त्याला ताबा राहत नाही. रागावल्याने हे वाढते. आल्याबरोबर त्याच्याकडे फारसे लक्ष न देता, मग खाली बसून, बाजूने हात पुढे करावा. वय वाढते तसे हे बहुधा आपोआप थांबते.

स्वच्छतेविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. आपले नाक आणि कुत्र्याचे नाक यांत फार मोठे अंतर आहे. फिनेलचा वास आला की आपल्याला जागा स्वच्छ झाली असे वाटते. पिल्लाला मात्र त्या वासाखाली आपली जुनी खूण स्पष्ट ऐकू येत असते, आणि ते पुन्हा तेथेच जाते. अमोनिया असलेली द्रव्ये तर मुळीच वापरू नयेत. तो वास मूत्राच्याच जातीचा आहे. आधी कोरड्या कापडाने टिपून घ्यावे, मग साबणाच्या पाण्याने धुवावे, आणि वास राहत असेल तर मूत्रातील घटकांचे विघटन करणारी एन्झाइमयुक्त द्रव्ये मिळतात ती लावावीत. पाणी घातलेला व्हिनेगरही उपयोगी पडतो. पण संगमरवरावर किंवा शहाबादी फरशीवर तो घालू नये, त्या दगडाला आम्ल खाते. शौच उचलल्यावर हात साबणाने धुवावेत. पिल्लांच्या पोटात जंत फार असतात, आणि ते मुलांना होऊ शकतात; म्हणून पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे जंतांचे औषध वेळच्या वेळी द्यावे. आणि शिकलेले पिल्लू एकाएकी चुकू लागले, वारंवार थेंब-थेंब करू लागले किंवा लघवीत रक्त दिसले, तर ती बेशिस्त नसून आजार समजावा आणि त्याला दवाखान्यात न्यावे.

हे सारे मी आज सांगतो आहे; त्या वेळी मला यातील निम्मेही ठाऊक नव्हते. आमच्या घरी मार्ग सापडला तो आईमुळे. वर्तमानपत्राचा फटका मारल्यापासून शेवरी माझ्या समोर कागदावर पाय ठेवीत नसे, हे तिने माझ्याआधी ओळखले. तिने कागद काढायला लावला आणि सज्जातील ट्रेमध्ये कुंडीतली माती पसरायला सांगितली. आई पहाटे पाचला उठते. तिने सज्जाच्या दाराशी खुर्ची टाकली, आणि शेवरी मातीवर गेली की ती जागेवरूनच 'शूऽऽ' म्हणू लागली. मांडीवरच्या वाटीत भाजलेल्या चण्यांचे बारीक तुकडे असत. भिंतीवर दुधाच्या हिशेबाची दिनदर्शिका होती. दुधाच्या आकड्याशेजारी, त्या दिवशी घरात जितक्या चुका झाल्या तितके ठिपके आई देऊ लागली. पहिल्या दिवसाचे नऊ तिने आठवून मांडले. पंधरवड्याने ते चार-पाचांवर आले. मध्येच एका रविवारी, पाहुण्यांच्या गडबडीत, पुन्हा आठ झाले. "ही तिची चूक नाही," आई म्हणाली, "आज कोणी तिच्याकडे पाहिलेच नाही." त्या वाक्यानंतर घरात आम्ही पाळ्या लावून घेतल्या.

गणपती बसला त्या आठवड्यात दिनदर्शिकेवर तीन ठिपके होते. मुदतीची आठवण आईला कोणी केली नाही, आणि तिनेही काढली नाही. नवरात्राच्या सुमारास लसी पूर्ण झाल्या. तोवर आम्ही ट्रे रोज वीतभर सरकवीत मुख्य दारापर्यंत आणला होता. मग शेवरी जिना उतरून मातीवर जाऊ लागली. आता आम्ही पिशवी बरोबर नेतो आणि तिचे शौच उचलून आणतो. शेजाऱ्यांच्या दारापुढे घाण करणाऱ्या कुत्र्याचा मालकच बेशिस्त असतो, कुत्रा नव्हे. आश्विनाचे सबंध पान जवळजवळ कोरे गेले. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांच्या आवाजाने ती पलंगाखाली शिरली, आणि तेथे एक ठिपका पडला. आईने तो मांडला नाही. तिचे म्हणणे असे, की भीतीचा हिशेब ठेवू नये.

किती दिवस लागतात, असे पुष्कळ जण विचारतात. सर्वसाधारणपणे चार ते सहा महिने धरावेत. लहान जातींत एखाद्यास वर्षही लागते. कोणी आठवड्यात शिकविण्याची हमी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. हे काम पिल्लाच्या बुद्धीपेक्षा घरातील माणसांच्या नियमितपणावर अवलंबून असते, आणि आपला नियमितपणा किती दिवसांत पक्का होतो हे आपले आपणच जाणावे.

महाभारताच्या आरंभी अपराधावाचून मारलेले एक पिल्लू आहे. आणि महाप्रस्थानाच्या शेवटी, ज्याला सोडून स्वर्गात जाण्यास युधिष्ठिर तयार झाला नाही, असा एक कुत्रा आहे. या दोहोंमध्ये एवढा मोठा ग्रंथ पसरला आहे. आपल्या घरी पिल्लू येते तेव्हा त्याची कथाही या दोन टोकांमध्येच कोठे तरी घडावयाची असते. मी पहिल्या टोकापासून आरंभ केला, हे आता बदलता येत नाही. पण अलीकडे मी वर्तमानपत्र उघडून बसलो, की शेवरी येऊन त्याच्या कोपऱ्यावर अंगाचे मुटकुळे करून झोपते. पान उलटावयाचे तर तिला उठवावे लागते. मी बहुधा उलटीत नाही.